पिंपं ढकलणारं गाव

बाबा दारू पीत नाहीत. आयुष्यात कधी प्यायलेही नाहीत. त्यामुळे डब्लिनहून गॉलवेला जाताना वाटेत व्हिस्कीच्या कारखान्यात थांबू या का, हे त्यांना कसं विचारावं असा मला प्रश्न पडला होता. चहासाठी मोटरवे सोडून आम्ही किलबेगन गावात शिरलो आणि नदीकाठची विटांची उंच चिमणी दिसल्याबरोबर तेच म्हणाले, "अगं, ही गिरणी कसली?"

बाबांची तरुण वर्षं लालबागच्या एका कापड गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर गेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते २७ वर्षांचे होते. त्यांची गिरणी नंतर धड कधी उभी राहिलीच नाही. त्यांनी दुसरीकडे नोकरी धरली, आम्ही डोंबिवलीला आलो, मोठे झालो. पण चिमणी दिसली की अजूनही ती कशाची, भोंगा किती वाजता होत असेल, पाळ्या किती असतील, हे सगळं त्यांना हवं असतं. मी गाडी लावली आणि आम्ही आत गेलो.

किलबेगन आयर्लंडच्या मधोमध, वेस्टमीथ काउंटीत आहे. डब्लिनपासून साधारण ९० किलोमीटर. पूर्वी गॉलवेचा रस्ता गावातूनच जायचा, आता गाड्या बाजूने निघून जातात. कारखान्याच्या भिंतीला लागून ब्रॉस्ना नदीचं पाणी येतं आणि त्यावर एक मोठं लाकडी चाक फिरतं. आम्ही गेलो त्या दिवशी ते फिरत होतं. संथ, ओलं, एका लयीत धपधप आवाज करत. बाबा तिथे इतका वेळ उभे राहिले की गाइडबाई बाकीच्या मंडळींना घेऊन पुढे गेल्या.

आतमध्ये त्या चाकाचा फेरा दात्यांमधून, कण्यांमधून वरच्या मजल्यांपर्यंत जातो. दळायचे दगड, ढवळायची यंत्रं, पंप, सगळं त्या एका चाकावर चालायचं. नदी फार आटली किंवा फार फुगली तर अडचण नको म्हणून १८८७ साली एक वाफेचं इंजिन बसवलं, ग्लासगोच्या बनावटीचं. तेही अजून जागेवर आहे. बाबांनी त्याच्या फ्लायव्हीलकडे बघत हळूच विचारलं, "तेल कोण घालतं गं याला?" मी गाइडबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचीच माणसं." बाबांना हे उत्तर पुरलं.

व्हिस्की म्हणजे मुळात आयरिश भाषेतलं 'इश्का बाहा', जीवनाचं पाणी. आयरिश लोक इंग्रजीत हा शब्द लिहिताना एक जास्तीचं अक्षर घालतात, स्कॉटलंडवाले घालत नाहीत, आणि त्या एका अक्षरावरून कुणाची व्हिस्की कुठली ते बाटलीवरच कळतं. देवनागरीत दोन्ही सारखीच. त्यामुळे लहानपणापासून मला व्हिस्की म्हणजे स्कॉच एवढंच ठाऊक होतं, तिची एक थोरली आयरिश बहीण आहे हे इकडे येईपर्यंत माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या, न्यूयॉर्कच्या बाजारात मान होता तो या थोरलीला.

तिची चव कशी घडली ती गोष्ट मला फार आवडते, कारण ती सरकारी करातून जन्मली. बार्ली भिजवून, आपण मटकीला आणतो तसे मोड आणून, मग ती वाळवून दारूसाठी वापरायची ही जुनी रीत. १७८५ मध्ये त्या मोड आलेल्या बार्लीवर, म्हणजे माल्टवर, कर बसला. आयरिश भट्टीवाल्यांनी मग अर्धीमुर्धी बार्ली बिनमोडाची, कच्चीच घालायला सुरुवात केली. थोडे ओट्स, कधी गहू किंवा राय. कर वाचला आणि हाती आली ती वेगळीच दारू, दाट, थोडी तेलकट, मसालेदार. तांब्याच्या पोटाळ हंड्यात, पॉट स्टिलमध्ये ती गाळायची. नंतर माल्टचा कर गेला तरी लोकांनी ती चव सोडली नाही.

या कारखान्याची सुरुवात १७५७ ची. मॅकमॅनस नावाच्या घराण्याची भट्टी. त्यांच्यातला जॉन मॅकमॅनस १७९८ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात होता आणि त्याला मलिंगार गावात फाशी झाली. पुढे कॉड घराणं आलं, आणि १८४३ मध्ये जॉन लॉक. पुढची शंभर वर्षं किलबेगनची व्हिस्की म्हणजे 'लॉक्स'.

गाइडबाई मालकांच्या वंशावळीत फारशा रमल्या नाहीत, हे मला बरं वाटलं. त्या बोलत होत्या गावाबद्दल. लॉक मंडळी कामगारांना घरं द्यायची, किंवा गावात घर मिळवून द्यायला मदत करायची. हिवाळा तोंडावर आला की कामगाराच्या दारात कोळशाची एक गाडी उतरवली जायची आणि तिचे पैसे आठवड्याच्या पगारातून थोडे थोडे कापले जायचे. इथल्या ओल्या थंडीत ज्याने एक तरी हिवाळा काढला आहे त्याला त्या कोळशाची किंमत कळेल.

मग १८६६ साली बॉयलर गेला. अपघात झाला आणि वाफच बंद झाली. नवा घ्यायला जॉन लॉककडे पैसे नव्हते आणि कर्ज द्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा गावकऱ्यांनी आपसात वर्गणी काढली, नवा बॉयलर विकत घेतला आणि मालकाला भेट दिला. सोबत एक जाहीर पत्र दिलं, ते स्थानिक वर्तमानपत्रांत छापून आलं.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा बाबांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. "गावाने मालकाला? मालकाने गावाला नव्हे?" नाही बाबा, गावाने मालकाला. ते काही बोलले नाहीत, पण पुढची सगळी वेळ ते माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होते, भाषा अर्धी कळत असूनही.

आणि १८७८ ची आग. नमुने काढायच्या खोलीत ती लागली आणि झपाट्याने पसरली. तासाभरात ती विझली, पण तोवर कारखान्याचा पुढचा बराच भाग जळाला होता. गाळलेली दारू ओकच्या पिंपांमध्ये भरून वर्षानुवर्षं गोदामात ठेवलेली असते, तो कारखान्याचा खरा ठेवा. गावातली माणसं धावली, एका गोदामाचे दरवाजे फोडले आणि ती जड पिंपं ढकलत ढकलत बाहेर रस्त्यावर आणली. पुढचा भाग जळाला, गोदामातला माल वाचला. माल वाचला म्हणून कारखाना पुन्हा उभा राहिला. जे इंजिन आम्ही पाहिलं ते त्या आगीनंतर ९ वर्षांनी आलं. त्या काळात इथे ७० च्या आसपास माणसं कामाला होती आणि इथली व्हिस्की डब्लिन, लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टलला जात होती.

मग हा सगळा डोलारा कोसळला कसा? नुसत्या लॉक्सचा नव्हे, आख्ख्या आयर्लंडचा. अमेरिकेतल्या १९२० च्या दारूबंदीकडे बोट दाखवण्याची पद्धत आहे, आणि तिचा फटका बसलाच. पण मला वाटतं त्याआधीच, १८३० मध्ये, हवा बदलली होती. ईनियस कॉफी नावाच्या माणसाने उंच खांबासारख्या, अखंड चालणाऱ्या गाळणयंत्राचं पेटंट घेतलं. कॉफी स्वतः आयर्लंडच्या अबकारी खात्यातला निवृत्त अधिकारी. त्याच्या यंत्रातून स्वस्त, हलका, भरपूर मद्यार्क निघत होता. डब्लिनच्या मोठ्या घराण्यांनी त्याला नाक मुरडलं, याला व्हिस्की म्हणायचंच नाही असं ठरवलं. स्कॉटलंडने ते यंत्र उचललं, त्यातल्या हलक्या दारूत आपली माल्ट व्हिस्की मिसळली आणि ब्लेंडेड स्कॉचने जग जिंकलं. १९०९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगाने, 'रॉयल कमिशन'ने, त्या मिश्रणालाही व्हिस्की म्हणायची मुभा दिली तेव्हा निर्णय बाजारात केव्हाच लागला होता. डब्लिनवाले चवीच्या बाबतीत बरोबर होते असं मी मानते. पण त्यांच्या त्या ठामपणाची किंमत किलबेगनसारख्या लहान भट्ट्यांना मोजावी लागली.

पुढे आयर्लंड स्वतंत्र झालं, १९३२ पासून ब्रिटनशी जकातीचं युद्ध पेटलं, आणि ब्रिटिश साम्राज्याची बाजारपेठ आखडली. लॉक्सची भट्टी त्याच्याही आधी, १९२४ ते १९३१, अशी ७ वर्षं थंड होती. बहुतेक कामगारांना घरी पाठवलं होतं. १९३१ नंतर पुन्हा धूर निघाला, पण जुनी रग गेली होती.

१९४७ चं प्रकरण तर एखाद्या रहस्यकथेसारखं आहे. कारखाना तेव्हा लॉक घराण्यातल्या दोन बहिणींच्या हातात होता आणि त्यांनी तो विकायला काढला. युद्धानंतर व्हिस्कीची टंचाई होती आणि गोदामात सुमारे ६०,००० गॅलन मुरलेली व्हिस्की पडून होती. स्वित्झर्लंडच्या नावाने एक टोळी आली, ३,०५,००० पौंडांचा सौदा ठरला, आणि बयाण्याचे पैसे आलेच नाहीत. त्यांच्यातला मॅक्सिमो नावाचा एकजण इंग्लंडच्या पोलिसांना हवा होता. त्याला परत पाठवताना तो वाटेत निसटला. ऑलिव्हर फ्लॅनगन या खासदाराने संसदेत आरोप केला की मंत्र्यांपर्यंत हात पोचले आहेत, सोन्याची घड्याळं वाटली गेली आहेत. चौकशी न्यायाधिकरण बसलं, आणि आरोपांत तथ्य नसल्याचं त्याने सांगितलं. पण फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत १६ वर्षं सत्तेवर असलेले पंतप्रधान डे व्हॅलेरा पायउतार झाले, आणि त्यात या प्रकरणाचाही वाटा होता असं मानतात. एका लहान गावातल्या भट्टीचं नाव देशभर झालं, तेही अशा कारणाने.

१९५२ मध्ये दारूवरचा कर वाढला. १९५३ च्या नोव्हेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, मागणी आलेला माल सोडवण्याइतका कर भरायलाही कंपनीकडे पैसे उरले नाहीत. भट्टी विझली ती तेव्हा.

इथून पुढचा भाग ऐकताना बाबांचा चेहरा मी पाहत होते. १९६० च्या दशकात हँबुर्गच्या एका व्यापाऱ्याने जागा घेतली. गोदामातली उरलेली व्हिस्की विकून त्याने चांगला पैसा केला. कारखाना पुन्हा सुरू होईल या आशेवर असलेल्या गावाने मग पाहिलं ते असं की तिथे डुकरं पाळायची सोय होते आहे. लॉक्सच्या नावाच्या हजारो मातीच्या बरण्या, ज्यांतून पूर्वी व्हिस्की विकली जायची, त्या फोडून त्यांचा चुरा काँक्रीटच्या जमिनीखाली भर म्हणून घातला गेला. पुढचा मालक यंत्रं विकणारी कंपनी. तिच्या काळात, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तांब्याच्या भट्ट्या आणि वाफ थंड करायच्या नागमोडी नळ्या काढून भंगाराच्या भावात गेल्या.

"तांबं गेलं म्हणजे संपलंच," बाबा म्हणाले. हे मला समजवायला नको होतं. गिरणीतले साचे भंगारात जाताना त्यांनी पाहिले आहेत. ट्रकवर चढवताना ते साचे कसे तिरके लटकत होते, एवढं एकच त्यांनी मला कधीतरी सांगितलं आहे.

त्याच काळात सगळ्या बेटाची व्हिस्कीही जवळजवळ तिथेच आली होती. १९६६ मध्ये जेमसन, पॉवर्स आणि कॉर्कची कंपनी एकत्र झाल्या, १९७२ मध्ये उत्तरेतली बुशमिल्सही त्यांना मिळाली. १९७५ मध्ये मिडलटनला नवा कारखाना झाल्यावर सगळ्या आयर्लंडात मोजून दोन चालू भट्ट्या राहिल्या, मिडलटन आणि बुशमिल्स. १८८७ च्या सुमारास त्या २८ होत्या.

आणि मग १९८२. तिकडे लालबागचे भोंगे बंद पडत होते त्याच वर्षी किलबेगनमधल्या लोकांनी आपली एक संस्था काढली, बंद पडलेल्या कारखान्याची जपणूक करायला. हातात काय होतं? गळकी छपरं, रिकामे हंड्यांचे चबुतरे, गाळात रुतलेलं चाक. विकायला व्हिस्कीचा थेंबही नव्हता. पुन्हा कधी गाळता येईल याची खात्री तर कुणालाच नव्हती. त्यांनी पैसे गोळा केले, छपरं शाकारली, चाक फिरतं केलं, आणि जागा लोकांना बघायला खुली केली. भट्टी थंड असतानाही परवान्याची वार्षिक फी भरली जात राहिली, असंही तिथे अभिमानाने सांगतात.

बाबांनी विचारलं, "पगारी होती का ही माणसं?" मी विचारून सांगितलं, गावातलीच, आपापली कामं सांभाळून येणारी. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ खिडकीतून चाकाकडे बघत राहिले.

पुनरुज्जीवनाच्या गोष्टीत इथे एक उद्योजक येतो, आणि यायलाच हवा. जॉन टीलिंग यांनी १९८७ मध्ये उत्तरेकडच्या कूली द्वीपकल्पावरचा, बटाट्यापासून मद्यार्क काढणारा जुना सरकारी कारखाना लाखभर पौंडांत घेतला आणि मक्तेदारीच्या काळात नवी व्हिस्की कंपनी उभी केली. किलबेगन आणि लॉक्स ही नावं त्यांनी घेतली, आणि किलबेगनची दगडी गोदामं पिंपं मुरवायला वापरायला सुरुवात केली. म्हणजे १९८० च्या दशकाच्या शेवटी त्या गोदामांत पुन्हा ओकचा आणि व्हिस्कीचा वास भरला. जाड भिंती, ओलसर हवा, वर्षाला पिंपातली साधारण दोन टक्के दारू हवेत उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. १९९४ मध्ये कूली आर्थिक अडचणीत असताना मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीने तिला विकत घ्यायचा घाट घातला, तो स्पर्धा आयोगाने अडवला. तो सौदा झाला असता तर किलबेगन हे नाव दुसऱ्यांदा पुसलं गेलं असतं.

बाबांचा सगळ्यात नेमका प्रश्न याच वेळी आला. दुकानातल्या बाटलीवर १७५७ वाचून ते म्हणाले, "हे नाव जुनं. पण आतली दारू कुठली?"

खरं उत्तर असं आहे. किलबेगन नावाने जी बाटली पुन्हा बाजारात आली तिच्यातली व्हिस्की कूलीला गाळलेली होती, शंभरहून जास्त किलोमीटर दूर. ती ब्लेंड होती, तिच्यात कॉफीच्या त्याच खांबयंत्रातून आलेली धान्याची व्हिस्की होती, जुन्या लॉक्सच्या पॉट स्टिलच्या चवीशी तिचं नातं फार दूरचं. काही जणांना यात फसवणूक वाटते. मलाही काही काळ वाटली. आता वाटत नाही. त्या बाटलीच्या विक्रीतून कंपनी तगली, आणि कंपनी तगली म्हणून १९ मार्च २००७ उजाडला. २५० वर्षं पुरी झाली त्या वर्षी किलबेगनची भट्टी पुन्हा पेटवली गेली, आणि ती पेटवायला मॅकमॅनस, कॉड आणि लॉक या तिन्ही घराण्यांचे वंशज आले होते.

जी भट्टी पेटली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेली, आधी शेजारच्या टलामोर गावच्या कारखान्यात राबलेली. व्हिस्की गाळणारी जगातली सगळ्यात जुनी चालती भट्टी म्हणून तिचं नाव घेतात. लहानसं तांब्याचं पोट, वर निमुळती मान. पहिली काही वर्षं एकदा गाळलेला माल कूलीहून आणून इथे दुसऱ्यांदा गाळायचे. २०१० पासून धान्य भिजवण्यापासून आंबवण्यापर्यंत सगळं इथेच होऊ लागलं. कायद्याने ३ वर्षं लाकडात राहिल्याशिवाय आयरिश व्हिस्की म्हणता येत नाही, म्हणून हे काम धीराचंच. पुढे त्यांनी कच्ची आणि मोडाची बार्ली, आणि थोडे ओट्स घालून पॉट स्टिल व्हिस्कीही काढली. ती मी प्यायले आहे. मला त्यात भाकरीच्या पिठाचा, किंचित करपलेल्या कडेचा वास आला. १७८५ च्या त्या कराचा वास, असं म्हणायला मला आवडेल.

कूली कंपनी २०१२ मध्ये अमेरिकेच्या बीमकडे गेली, दोन वर्षांनी बीम जपानच्या सनटोरीकडे. म्हणजे वेस्टमीथच्या या नावाची मालकी आता टोकियो-ओसाकापर्यंत पोचते. टीलिंग यांच्या मुलांनी २०१५ मध्ये डब्लिनच्या लिबर्टीज भागात आपली वेगळी भट्टी सुरू केली. बेटावरच्या भट्ट्या आता ४० च्या वर गेल्या आहेत. हे सगळं बाबांना सांगावंसं वाटलं नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, ते आगीचं पिंपं ढकललेलं ते कुठे? मी कारखान्यासमोरचा रस्ता दाखवला. एका बाजूला दुकानं, मधून एक ट्रॅक्टर गेला. बाबा फुटपाथवर उभे राहून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत राहिले.

"एक पिंप केवढ्याचं असेल भरलेलं?"

दोनशे लिटर धरलं तर अडीचशे किलोच्या आसपास, मी म्हटलं.

"रस्ता तर सपाट आहे," ते म्हणाले. "उतार असता तर आपोआप गडगडली असती. सपाट रस्त्यावर एका पिंपाला दोन माणसं लागणार. शिवाय पुढे कुणीतरी अडवायला. मागे आग. आणि रात्रभर कुणीतरी त्या पिंपांवर पहारा द्यायला हवा, एवढी दारू रस्त्यावर." ते बोटांवर काहीतरी मोजू लागले, साचेखात्यात मोजायचे तसे, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत. ट्रॅक्टर परत आला, तरी त्यांचं मोजणं चालूच होतं.